पायलीला चिपटं

गव्हाचं पोतं खांद्यावर घ्या. पुरं नको, अर्ध्याला थोडं कमीच भरा. चालायचं बरंच आहे, आणि वाटेत ज्याच्या त्याच्या हाताने ते हलकं होतच जाणार आहे. सोबत पायली आणि चिपटं ही दोन मापंही असू द्या. सोळा चिपट्यांची पायली, हा हिशेब आज पुन्हा पुन्हा लागेल.

तुम्ही दक्षिण इंग्लंडातल्या विंचेस्टर शहरात आहात. हाय स्ट्रीटचा उतार संपून रस्ता रुंद होतो, तिथे उलट्या तलवारीचा क्रूस उंच धरून राजा आल्फ्रेड उभा आहे. राजा नवव्या शतकातला, पुतळा १९०१ चा. त्याला मागे टाकून थोडं चाललात की इचेन नदीवरचा पूल येतो. पुलाला खेटून, नदीतच पाय रोवून बसलेली ती कौलारू इमारत म्हणजे सिटी मिल. पाण्यावर चालणारी पिठाची गिरणी. आजही चालते. पण आज आत जायचं नाही, निदान आत्ता तरी नाही.

आधी पाणी पाहून घ्या. कठड्यावरून वाकलात तर तळाचा गोटा न् गोटा दिसेल. ही खडूच्या टेकड्यांमधली नदी आहे. हॅम्पशरच्या या पांढऱ्या, सच्छिद्र टेकड्या पाऊस पोटात जिरवतात आणि महिनोन् महिने झऱ्यांवाटे जपून सोडतात. म्हणून इचेनला सहसा लोंढे येत नाहीत आणि उन्हाळ्यात ती कोरडीही पडत नाही. पाण्याचं तापमानही बारा महिने दहा-अकरा अंशांच्या आसपास असतं. श्रावणात दुथडी आणि वैशाखात नुसती वाळू, अशा नद्या पाहून वाढलेल्या माणसाला हे जरा अळणीच वाटेल. गिरणीवाल्याला मात्र यासारखं दुसरं सुख नाही. आणखी एक गोष्ट. ही नदी आज जिथून वाहते तिथे ती आपण होऊन आलेली नाही. रोमनांनी इथे शहर वसवताना तिला पूर्वेकडे सारलं. पाण्याला कामाला लावण्याची खोड या गावाला गिरणीच्याही आधीची आहे.

आता पुलावरच थांबा. मोटारींचा आवाज विझला, नाकाला ओल्या मेंढ्यांचा आणि धुराचा वास आला, की समजा पोहोचलात.

साल १०८६. शहराची पूर्ववेस तुमच्या पाठीशी आहे. शेजारी टोपलीत अंडी घेतलेली एक बाई कोणाला तरी पुलाची गोष्ट सांगते आहे. हा पूल बिशप स्विदनने बांधला असं लोक मानतात. काम चाललेलं असताना गर्दीत एका म्हातारीची अंडी फुटली, ती रडू लागली आणि बिशपने ती अंडी पुन्हा अखंड करून दिली. स्विदन जाऊन तेव्हा सव्वादोनशे वर्षं होत आली आहेत. पुढे त्याच्या नावावर इंग्लंडभर पावसाचा ठोकताळाही रूढ होणार आहे: पंधरा जुलैला पडला तर चाळीस दिवस पडत राहणार. पण मला बिशपांच्या चमत्कारांत अंड्यांचा हा एकच मनापासून आवडतो. ज्याचं नुकसान झालं त्याला ते तिथल्या तिथे भरून मिळालं, असं या पुलावर पुढच्या हजार वर्षांत फारसं घडलेलं नाही.

गिरणीच्या दाराशी या. आजच्याहून पुष्कळ ठेंगणी जागा, उंबऱ्यापासून सगळीकडे पिठाची साय. गिरणीवाल्याचं इंग्रजी तुम्हाला एक अक्षर कळणार नाही आणि तुमचं त्याला. माप पुढे करा, तेवढं पुरे. पायलीभर गहू द्या. तो ओतून घेण्याआधी त्यातलं चिपटंभर बाजूच्या पेटीत टाकेल. भांडू नका. दळणाची मजुरी धान्यातच घ्यायची ही रीत आहे. कुठे सोळावा हिस्सा, कुठे विसावा, कुठे चोविसावा. आपल्या गावच्या गिरणीवाल्यावर लोकांचा जितका विश्वास असतो तितकाच इथल्यांचाही याच्यावर आहे, म्हणजे नाही. तीनशे वर्षांनी कवी चॉसर आपल्या कँटरबरीच्या यात्रेकरूंमध्ये एक गिरणीवाला घालील आणि तो तिप्पट मजुरी उकळतो असं लिहून ठेवील.

पण पेटीत गेलेलं चिपटं या माणसाच्या घरी जात नाही. निदान सगळं नाही. गिरणी त्याची नाही, पंधरा-एक किलोमीटरवरच्या व्हेरवेल मठातल्या जोगिणींची आहे. तो मठ दहाव्या शतकाच्या अखेरीस राणी एल्फ्रिडाने स्थापला. तिचा सावत्र मुलगा, राजा एडवर्ड, ९७८ मध्ये कॉर्फला मारला गेला आणि तिचा स्वतःचा मुलगा गादीवर बसला. खुनात तिचा हात होता असं लोक तेव्हापासून कुजबुजत आलेत आणि मठ हे त्याचं प्रायश्चित्त असंही म्हणतात. तिने मारवलं की नाही हे बाजूला ठेवलं तरी आपल्याला काय घ्यायचं ते इतकंच: तुमचं चिपटं एका राणीच्या परलोकाच्या खात्यावर जमा होतं आहे.

याच वर्षी राजा विल्यमचे कारकून देशभर फिरून कोणाचं काय, किती नांगर, किती डुकरं, किती गिरण्या, हे लिहून घेत आहेत. त्या चोपडीला पुढे डूम्सडे बुक म्हणतील. तिच्यात सहा हजारांच्या आसपास गिरण्या निघाल्या. चोपडी इथेच, विंचेस्टरच्या राजकोषात राहील, आणि गंमत अशी की खुद्द विंचेस्टर शहराचीच नोंद तिच्यात नाही. लंडनचीही नाही. या गिरणीचं नाव त्यात आलं ते मठाच्या मालमत्तेच्या ओळीतून: वर्षाला ४८ शिलिंग. म्हणजे ५७६ पेनी. बैल तीस पेनींना धरला तर एकोणीस बैल. बहुतेक गिरण्यांचं उत्पन्न याच्या जवळपासही जात नाही. मग त्या ४८ शिलिंगांत तुमच्यासारख्यांची किती चिपटी गेली असतील, त्याचा अंदाज बांधा आणि पीठ घेऊन बाहेर पडा.

पीठ तिथेच कोणाला तरी देऊन टाका. पोतं घ्या.

शंभर वर्षं पुढे. वेळ ऑगस्टची अखेर, कारण आता गर्दी पाहायची आहे. पुलाच्या पलीकडे चढ सुरू होतो ती सेंट जाइल्सची टेकडी. तिथे वर्षातून एकदा जत्रा भरते. १०९६ मध्ये राजा विल्यम रूफसने बिशपला तीन दिवसांची परवानगी दिली होती, ती वाढत वाढत सोळा दिवसांवर गेली आहे. टेकडीवर पेठाच उठल्या आहेत. फ्लँडर्सचं कापड, फ्रान्सची दारू, लोकर तर डोंगराएवढी. एका पालाजवळून जाताना तुम्ही चमकून थांबाल. मिरीचा वास. मलबारातून निघून अरबांच्या गलबतांतून, अलेक्झांड्रिया आणि व्हेनिस करत ती इथवर आली आहे आणि तिचा भाव ऐकून तुम्हाला घाम फुटेल.

जत्रा चालू असेतोवर शहराच्या वेशी बिशपच्या ताब्यात. गावातली दुकानं बंद, आणि सात लीगच्या परिघात कोणी इतरत्र खरेदी-विक्री करायची नाही. पुलावर बिशपचा माणूस उभा आहे. तो तुमच्या पोत्यात हात घालणारच. गिरणी जोगिणींची, पूल बिशपचा, रस्ता राजाचा. तुमचं काय, तर खांदा. एवढ्या हजार तोंडांना रोज पाव लागतो, म्हणून गिरणीपुढे रांग आहे. रांगेत उभं राहायचं असेल तर राहा. मी म्हणेन नको.

कारण इथून पुढे काळ वाईट आहे आणि तो लवकर ओलांडलेला बरा. १३४८-४९ चा प्लेग येतो आणि निम्मं गाव नेतो. लोकरीच्या व्यापाराची सरकारी पेठ विंचेस्टरला होती, ती १३६३ मध्ये कॅलेला हलते. पंधराव्या शतकाच्या मध्याला गावकरी राजाकडे गाऱ्हाणं घालतात: ९९७ घरं ओस पडली, सतरा चर्चना पाद्री उरला नाही. गाऱ्हाण्यात माणूस थोडं वाढवून सांगतोच, पण गल्ल्यांतून फिरलात तर फार वाढवलेलं नाही हे दिसेल.

१४७१ च्या सुमारास तुम्ही पुन्हा पुलाजवळ येता. छप्पर बसलेलं. चाक पाण्यात तिरकं अडकून शेवाळलेलं. पाट मोकळा आहे आणि पाणी कोणालाही काही न देता खळखळून निघून जातं आहे. आज तुमच्या पोत्यातून कोणी काही काढून घेत नाही. सोळावा नाही, चोविसावा नाही, बिशपचं जकातीचं मापही नाही. घ्यायलाच कोणी नाही, आणि दळायलाही.

दळायला कोणी नसेल तर पोतभर गव्हाचं करायचं काय, ते त्या काळच्या बाईला विचारा. हातजात्याशिवाय दुसरी वाट नाही. ज्यांनी पहाटे उठून घरचं दळण काढलेलं आहे त्यांना हे वेगळं समजावायला नको.

१५५४, जुलै. डोक्यावर काहीतरी घ्या. पाऊस झोडपतो आहे. गिरणीपासून हाकेच्या अंतरावर, नदीच्या कडेने खाली गेलं की वूल्व्हसी, बिशपचा वाडा. त्यात इंग्लंडची राणी मेरी उतरली आहे, वय अडतीस. सत्तावीस वर्षांचा नवरदेव, स्पेनचा राजपुत्र फिलिप, साउथॅम्प्टनहून घोड्यावर भिजत भिजत येतो आहे. २३ जुलैच्या रात्री दोघं एकमेकांना पहिल्यांदा पाहतात. २५ जुलैला, संत जेम्सच्या दिवशी, कॅथीड्रलमध्ये बिशप गार्डिनर लग्न लावतो. मग वूल्व्हसीत जेवणावळ.

तुम्ही राजवाड्यात जाऊ नका. तिथलं सगळं वर्णन बखरकारांनी लिहून ठेवलं आहे. तुम्ही गावात फिरा. स्पॅनिश सरदार, त्यांचे नोकर, त्यांचे घोडे, राणीचा लवाजमा, इंग्रज उमराव आणि त्यांचे भाट. एवढ्यांना झोपवायचं कुठे, खाऊ काय घालायचं, गल्ल्यांतला चिखल कुठे टाकायचा? वर्षभरापूर्वी गादीवर कोण बसेल हे ठाऊक नसलेल्या देशात हे लग्न पुष्कळांना नको आहे, म्हणून बंदोबस्तही हवा. लग्न पाहावं करून म्हणतात; या गावाने न बोलावता ते करून पाहिलं. आणि विंचेस्टरची तिजोरी शंभर वर्षांपासून खालीच होती.

खर्च अंगाशी आल्यावर राणी गावाची थोडीबहुत भरपाई करते. तिच्या हाताशी द्यायला पुष्कळ काही आहे, कारण तिच्या बापाने, आठव्या हेन्रीने, देशभरचे मठ मोडून त्यांची मालमत्ता खालसा केली. व्हेरवेलच्या जोगिणींनी १५३९ मध्ये मठ सोडला आणि गिरणी राजाची झाली. तीच आता राणी शहराला देऊन टाकते. दुसऱ्याच्या गिरणीचा आहेर. तेव्हापासून ती शहराची गिरणी, सिटी मिल.

नवरदेवाकडे मात्र जाता जाता एकदा पाहून घ्या. सव्वीस वर्षांनी पोर्तुगालची गादीही याच्याकडे जाईल, आणि त्यासोबत गोवा, चौल आणि वसई. विंचेस्टरच्या चिखलात भिजणाऱ्या या माणसाची फर्मानं मांडवीच्या काठावर वाचली जातील. मेरी तोवर कधीच गेलेली असेल आणि पुढे हा तिच्याच देशावर आरमार पाठवील. तुमच्या गव्हाशी याचा संबंध इतकाच, की चिपटं आता नगरपालिकेच्या पेटीत पडतं.

पुढची दोनशे वर्षं मी तुम्हाला फार थांबवणार नाही. भाडेकरू येतात, जातात, डागडुजी टाळतात. ज्याची मालकी सगळ्या गावाची, त्याच्या छपराची काळजी कोणाचीच नसते. १७४३ मध्ये जेम्स कुक नावाच्या कुळाने ती जवळजवळ नव्याने बांधून काढली. आज दिसते ती इमारत याची. पण माळ्यावर चढून तुळयांवर हात फिरवा. काही लाकडं चौदाव्या-पंधराव्या शतकातली आहेत. चांगलं सागवान मोडीत काढायला जसं आपल्याकडे कोणी धजत नाही, तसंच इथे ओकचं.

आता खरं दळण पाहायचं तर १८१९ मध्ये या. २० सप्टेंबर, सोमवार. कालच्या रविवारी या गावात राहायला आलेला तेवीस वर्षांचा एक तरुण दक्षिणेकडे नदीकाठच्या कुरणांतून फिरायला गेला होता. कापणी झालेली शेतं त्याच्या डोळ्यांत भरली आणि परत येऊन त्याने शरद ऋतूवर एक कविता लिहिली. जॉन कीट्स. त्याच शेतांतला गहू आज इथे गाडीतून उतरतो आहे.

आत या, कान सांभाळा. सगळ्यात खाली, अंधारात, पाण्याचं चाक. झडप उचलली की पाट त्याच्या पंखांवर येतो आणि ते सुस्तपणे निघतं. त्याच्या आसावर एक मोठं दातेरी चाक उभं आहे. ते आडव्या चाकाला फिरवतं, आडवं चाक मधल्या उभ्या खांबाला, खांबावरचं आणखी मोठं चाक दगडांच्या लहान चाकांना. मोठ्याकडून लहानाकडे येताना वेग वाढत जातो. खाली आठ-दहा फेरे, तर वर दगडाचे शंभर-सव्वाशे, दर मिनिटाला. काही चाकांचे दात सफरचंदाच्या किंवा तशाच कठीण लाकडाचे आणि त्यांना भिडणारे लोखंडाचे. मुद्दाम. लोखंडावर लोखंड आपटलं तर आवाज फार, शिवाय ठिणगीची भीती. आणि काही अडकलं तर लाकडी दात मोडतो, यंत्र वाचतं; सुतार नवा दात बसवतो.

रचना जात्याचीच आहे. खालची तळी स्थिर, वरची फिरणारी, वैरण वरच्या तळीच्या डोळ्यातून. फक्त खुंट्याला हात कोणाचा नाही, आणि वरची तळी टनभर वजनाची. उत्तम दगड फ्रान्समधून, पॅरिसच्या पूर्वेकडच्या ला फेर्ते-सू-झुआरच्या खाणींतून येतो. अखंड मोठा मिळत नाही म्हणून तुकडे घडवून, एकमेकांना जोडून, बाहेरून लोखंडी पट्टे तापवून आवळतात. वर लाकडी चाडं. त्याखालच्या पन्हळीला एक फिरती दांडी सारखी ठोसे देते आणि गहू दाणा दाणा सांडतो. दगड जितक्या वेगाने फिरेल तितके ठोसे जास्त, तितकी वैरण जास्त. माणसाने काही मोजायचं नाही. चाडं रिकामं होत आलं तर घंटा वाजते, कारण दोन तळ्यांमध्ये धान्य नसेल तर दगड दगडाला घासतो. मग पिठाच्या धुळीने भरलेल्या या लाकडी घराला आग लागायला किती वेळ?

गिरणीवाला यंत्राकडे पाहतच नाही. खालच्या मजल्यावर पिठाच्या नळाशी उभा राहून तो चिमूट चिमूट पीठ अंगठ्याने तर्जनीवर चोळतो. जाड असेल तर स्क्रू फिरवून दगड केसभर खाली. गरम लागलं तर वर, किंवा झडप थोडी खाली. बाकी सगळं ऐकून. दगडांच्या चऱ्या बोथट झाल्या की वरची तळी उलटी करून टाकवायची. आपल्याकडे 'जात्याला टाकीऽऽ' म्हणत बाया दारावर येत, इकडेही तसे फिरते कारागीर. पोलादी टाकीच्या कपच्या उडून त्यांच्या हातांच्या पाठीत रुतत. कामावर ठेवण्यापूर्वी गिरणीवाला हात पुढे करायला सांगे: निळसर ठिपके किती, त्यावरून अनुभव.

तुमची पायली दळून झाली. मजुरी आता पैशात. पण ज्या गव्हाची ही मजुरी, त्याचा भाव विचारा. चार वर्षांपूर्वी, १८१५ मध्ये, पार्लमेंटने कायदा केला: देशी गहू क्वार्टर या मापाला ऐंशी शिलिंग होईपर्यंत बाहेरचा गहू देशात विकायचा नाही. पार्लमेंटमध्ये बसलेले बहुतेक जमीनदार, तेव्हा हे कोणाच्या भल्यासाठी ते सांगायला नको. गेल्याच महिन्यात मँचेस्टरला पीटरच्या मैदानावर जमलेल्या लोकांवर घोडेस्वार घातले गेले. त्यांच्या फलकांवर मताधिकारासोबत हा कायदा रद्द करा हेही लिहिलं होतं. जोगिणींचा गिरणीवाला पायलीला चिपटं काढायचा ते निदान तुमच्या डोळ्यांसमोर. आता मोठा वाटा पोतं गिरणीत पोहोचण्यापूर्वीच निघालेला असतो आणि शिव्या मात्र गिरणीवाला खातो.

पुढच्याच वर्षी, १८२० मध्ये, गिरणी जॉन बेनहॅमकडे जाते आणि त्याचं घराणं ती पिढ्यान् पिढ्या चालवतं. १८४६ मध्ये तो धान्याचा कायदा रद्द होतो. लोकांना स्वस्त गहू मिळतो, आणि त्याच स्वस्त गव्हाने या गिरणीचं मरण आणलं. १८७० नंतर अमेरिकेचा कडक गहू जहाजं भरभरून येऊ लागला. हंगेरीत सुधारलेले पोलादी रूळ आले. बंदरांवर वाफेच्या प्रचंड गिरण्या उभ्या राहिल्या. त्यांचं पीठ पांढरंशुभ्र, न खवटणारं, स्वस्त. दगडाच्या गिरण्यांना मागे उरली जनावरांची भरड. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सिटी मिलचे दगड थांबले.

पहिल्या महायुद्धाच्या काळात दार ढकललंत तर साबणाचा भपका येईल. धुलाईखाना! पाणी तेच. खांद्यावरचं पोतं पाहून बाई विचारेल, कपडे मळके आहेत का. नाही म्हणा आणि निघा.

१९२८ मध्ये इमारत मोडीत निघायची वेळ आली. गावातल्या आणि बाहेरच्या काही मंडळींनी पैसे जमवून ती विकत घेतली आणि नॅशनल ट्रस्टच्या स्वाधीन केली. वारसा जपणारी ही संस्था १८९५ ची. नुसतं जपायचं म्हणजे कुलूप लावायचं, असं झालं असतं तर ती आज उभी नसती असं माझं मत. ट्रस्टने तसं केलं नाही. १९३१ मध्ये तिथे यूथ हॉस्टेल उघडलं.

त्या वर्षी एक रात्र राहाच. एक शिलिंग द्या. मोटारीने आला नाहीत ना? नियम कडक आहे: पायी किंवा सायकलवर आलेल्यालाच जागा. मंदीचे दिवस आहेत. आजूबाजूच्या खाटांवर लंडनचे कारकून, दुकानात काम करणाऱ्या पोरी, शाळामास्तर. पाठीवर पिशवी टाकून देश पाहायला निघालेली ही पहिलीच पिढी, जिच्या आईबापांनी आपला परगणाही ओलांडला नव्हता. सकाळी प्रत्येकाला काम वाटून दिलेलं: कोणी झाडायचं, कोणी बटाटे सोलायचे. अंघोळ? खाली जा. चाकाच्या पाटातून पाणी उसळतं आहे, वरून दोर लोंबतो आहे. दोर दोन्ही हातांनी घट्ट धरा आणि उतरा. हात सुटला तर शहराच्या पार दक्षिणेला निघाल. दहा-अकरा अंशांचं ते सुखाचं पाणी आता तुम्हाला काही सुखाचं वाटणार नाही. मेरी राणीचा आहेर, व्हेरवेलचे ४८ शिलिंग, सगळं त्याच पाटातून गेलं. सध्या त्यातून किंचाळणारी तरुण माणसं जातात आणि निळ्या ओठांनी हसत वर येतात. मला विचाराल तर गिरणीच्या साऱ्या आयुष्यात तिचा इतका चांगला उपयोग क्वचितच झाला असेल.

हॉस्टेल सात दशकं चाललं. मधल्या काळात काही जणांच्या डोक्यात दळणाने पुन्हा घर केलं. चाक, आस, दगड, चाडं, एकेक जुळवत बरीच वर्षं गेली. या कामाचे जाणकार फार उरलेले नव्हते. ज्यांनी टाकी चालवली होती असे हात तर त्याहून कमी. २००४ मध्ये झडप उचलली गेली, आणि नव्वदहून अधिक वर्षांनी सिटी मिलच्या नळातून पीठ आलं.

आता आजच्या दारातून आत चला.  एका पडद्यावर रात्रीचं चित्रण चालू आहे: इमारतीखालून पाणमांजरं ये-जा करतात, त्यांच्यासाठी कॅमेरे लावले आहेत. पाणमांजर पाहायला आलेले लोक दळणाजवळ रेंगाळतात आणि दळण पाहायला आलेली पोरं पाणमांजरापाशी. होऊ दे.

पोत्यात तळाला जेमतेम पायलीभर गहू उरला आहे. पांढऱ्या अंगरख्यातल्या बाईंना विचारा, दळून मिळेल का. त्या निवृत्त आहेत, आठवड्यातून एकदा येतात, पगार घेत नाहीत. तुमच्याच हातून चाड्यात ओतायला सांगतात. झडप उचलली जाते. आधी पायांखालची फळी थरथरते, मग दांडीचे ठोसे, मग दगड. बाई नळाशी उभ्या राहून अंगठ्याने पीठ चोळतात आणि स्क्रूला एक वळसा देतात. पीठ कोंड्यासकट, जरा तपकिरी, उबदार येतं. पायली भरून पाहा. थोडी तूट आहे, धूळ उडालीच असणार. सवयीने तुम्ही चिपटं काढून त्यांच्यापुढे धरता.

त्या ते परत तुमच्या पिठात उपडं करतात आणि भिंतीवरच्या वेळापत्रकाकडे बोट दाखवतात. "हे नको. शनिवारी माणसं कमी पडतात. येता का?"